१८४४६७४४०७३७०९५५१६१५ या संख्येच्या पोटात ६४१ कुठून आला?

पूर्णांक

सर्वांना नमस्कार.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत गेल्यास चौसष्ट घरांत मिळून किती दाणे होतील, हे कोडे आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेले असते. उत्तर १८४४६७४४०७३७०९५५१६१५, म्हणजेच २^६४ − १ (या धाग्यात २^६४ म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात असे समजावे). गोष्ट सांगणारे या संख्येच्या आकाराने थक्क होतात आणि तिथेच थांबतात. मी मात्र गेल्या आठवड्यात कागद-पेन्सिल घेऊन तिचे मूळ अवयव पाडायला बसलो.

सुरुवात सोपी झाली. दोन वर्गांच्या वजाबाकीची सर्वसमिका लावली की २^६४ − १ चे (२^३२ + १) आणि (२^३२ − १) असे दोन तुकडे होतात. दुसऱ्या तुकड्याला पुन्हा तीच सर्वसमिका लागते, आणि असे करत करत शेवटी हा गुणाकार हाती येतो:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

यातील पहिले पाच अवयव मूळ आहेत. ६५५३७ साठी मी २५६ पर्यंतच्या सर्व ५४ मूळ संख्यांनी भागून पाहिले, त्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. सहावा अवयव मात्र मला पेलला नाही. शेवटी एका यादीत पाहिले तेव्हा कळले की तो मूळ नाही आणि त्याचे अवयव ६४१ आणि ६७००४१७ असे आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. एकाच साच्यातून निघालेल्या सहा संख्यांपैकी पाच मूळ असताना सहावीच का फुटावी? आणि यंत्र हाताशी नसताना ६४१ कोणाला कसा सापडला असेल? नुसते उत्तर नको आहे, रीत समजून घ्यायची आहे.

रेघोटी

धागा आवडला. यादीवर विश्वास ठेवण्याऐवजी मी आधी गुणाकार करून पाहिला. ६७००४१७ ला ६४० ने गुणल्यास ४२८८२६६८८० येतात, त्यात आणखी एकदा ६७००४१७ मिळवले की बरोबर ४२९४९६७२९७.

ओंकार_१७

पूर्णांक, तुम्ही अडलात तिथेच या विषयातील फार मोठा माणूस अडला होता. २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १ अशा, म्हणजे घातांक स्वतःच दोनाचा घात असलेल्या, संख्यांना फर्माच्या संख्या म्हणतात. त्या सर्व मूळ असाव्यात असे पिएर द फर्माने १६४० मध्ये पत्रातून कळवले होते. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. पुढे १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्र लिहून या विधानाकडे त्याचे लक्ष वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगितले की सहाव्या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो. सुमारे ९० वर्षे जपलेली अटकळ एका तीन अंकी संख्येने मोडली.

त्रिज्या

६४१ कसा सापडला याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. ऑयलरने ही रीत पुढच्या एका लेखात मांडली आणि ती पूर्णपणे हाताने करता येते.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला पूर्ण भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ धरता येते, आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १ होते. आता १, २, ४, ८, १६ … या दोनाच्या घातांच्या बाक्या ओळीने मांडल्या, तर बरोबर ६४ पावलांनी त्या पुन्हा १ वर येतात. त्याआधी येऊ शकत नाहीत, कारण आवर्तनाची लांबी ६४ चा विभाजक असली पाहिजे, आणि ती ३२ किंवा त्याहून लहान असती तर ३२ व्या पावलाला −१ नव्हे, १ मिळाला असता. दुसरीकडे फर्माचेच छोटे प्रमेय सांगते की प − १ पावलांनंतर बाकी १ येतेच. म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे आणि प हा ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असला पाहिजे.

म्हणजे तपासायच्या संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ याच क्रमाने येतात. यांपैकी मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर मिळते.

खडूफळा

त्रिज्याताईंची मांडणी अतिशय स्वच्छ आहे, परंतु ६४१ सापडणे हे रीतीमुळेच शक्य झाले असे जे सूचित होते त्याच्याशी मी सहमत नाही. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. कोणतेही प्रमेय माहीत नसलेला, पण चिकाटीचा माणूस २, ३, ५, ७ असे ओळीने भागत गेला तरी ११६ व्या भागाकाराला तेथे पोहोचतो. मूळ लेखकाने एका संध्याकाळी ५४ भागाकार केलेच आहेत. आणखी दोन संध्याकाळी बसले असते तर यादी पाहावी लागली नसती.

मला खरे कोडे फर्माचे वाटते. १६४० याच वर्षी त्याने २^३७ − १ चा अवयव २२३ शोधला, आणि तो याच जातीच्या युक्तीने, कारण तेथे विभाजक ७४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असावा लागतो आणि २२३ = ३ × ७४ + १. ज्याच्या हाती हे हत्यार होते त्याला ६४१ दिसू नये याची चुटपुट मला विद्यार्थिदशेपासून लागून राहिलेली आहे. त्याने भागाकार केला आणि कुठेतरी बाकी चुकली, असे माझे स्वतःचे मत आहे. पुरावा माझ्याजवळ नाही.

त्रिज्या

खडूफळा सर, ११६ भागाकारांचा मुद्दा मान्य. परंतु रीतीचे मोल उत्तर मिळण्यापेक्षा उत्तर नसते तर काय झाले असते यात आहे. समजा ही संख्या खरोखर मूळ असती. मग ओळीने भागत जाणाऱ्याला तिच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या सहा हजारांहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

शिवाय ही रीत आणखी धारदार करता येते. १८७८ मध्ये एदुआर ल्यूकाने दाखवले की येथे ६४ च्या जागी १२८ घेता येतो. कारण असे की प ला ८ ने भागल्यावर बाकी १ येत असेल तर प च्या बाक्यांमध्ये २ हा कोणाचा तरी वर्ग असतो. त्याला क म्हणू. मग क च्या घातांचे आवर्तन १२८ पावलांचे होते आणि प − १ ला १२८ ने भाग जातो. आता यादी पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१. त्यातही २५७ ही स्वतः फर्माची संख्या आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांत १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, म्हणून ती आपोआप बाद होते. पहिलाच भागाकार ६४१ ने करायचा आणि तोच पूर्ण जातो.

रेघोटी

११६ वरून ५ वर, आणि ५ वरून १ वर. ही प्रतिक्रिया वहीत उतरवून घेतली.

मुक्ता

एकही भागाकार न करता ६४१ चा विभाजकपणा सिद्ध करता येतो, ते येथे नोंदवते.

६४१ दोन प्रकारे लिहिता येतो. ६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४.

दुसऱ्या रूपाला २^२८ ने गुणले की ५^४ × २^२८ + २^३२ मिळतात, आणि या बेरजेला अर्थातच ६४१ ने भाग जातो. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ५^४ × २^२८ ची बाकी १, म्हणजेच ५^४ × २^२८ − १ लाही ६४१ ने भाग जातो. पहिल्यातून दुसरी वजा करा. जे उरते ते २^३२ + १ आहे, आणि त्याला ६४१ ने भाग गेलाच पाहिजे.

मी हे प्रथम फळ्यावर पाहिले तेव्हा तास संपल्यावरही जागेवरून उठले नव्हते.

दशमान

मुक्ता, सिद्धता निर्विवाद सुंदर आहे. तरी मला अशा सिद्धतांबद्दल थोडी तक्रार आहे, कारण ६४१ आधीच ठाऊक असेल तरच ती सुचते. शोध कसा लागला हे ती सांगत नाही.

मात्र तिच्यामुळे मी एक गोष्ट करून पाहिली. ६४१ च्या बाक्या मांडताना २^१६ = ६५५३६ ची बाकी १५४ आली (६४१ × १०२ = ६५३८२). मग १५४ चा वर्ग २३७१६, आणि ६४१ × ३७ = २३७१७, म्हणजे एकच कमी. −१ समोर उभा राहिला. गंमत म्हणून हाच उद्योग दहाच्या घातांवर केला, तर १०^४ ची बाकी ३८५ आणि १०^८ ची बाकी पुन्हा १५४! मी दोन वेळा आकडेमोड तपासली. म्हणजे १०^१६ + १, अर्थात १ नंतर पंधरा शून्ये आणि मग १, या संख्येलाही ६४१ ने पूर्ण भाग जातो.

मुक्ता

हा योगायोग नाही. ५^४ ची बाकी −२^४ च्या बाकीएवढी आहे, म्हणून वर्ग केल्यावर ५^८ आणि २^८ यांची बाकी एकच. दोन्ही बाजूंना २^८ ने गुणा, म्हणजे १०^८ आणि २^१६ एकत्र येतात. याचाच परिणाम म्हणून १/६४१ चा अपूर्णांक दशमान पद्धतीत दर ३२ अंकांनी आवर्ती होतो, तर द्विमान पद्धतीत दर ६४ अंकांनी. तुमची तक्रार मात्र मी मागे घ्यायला लावणार नाही, कारण ती मलाही पटते.

नोंदवही

माझा या संख्येशी परिचय दाण्यांमुळे झाला नाही. मी प्रोग्राम लिहितो. एकदा शिल्लक मोजणाऱ्या एका प्रोग्राममध्ये शून्यातून एक वजा झाला आणि पडद्यावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ उमटले. मी ती संख्या ओळखली नाही आणि अर्धा दिवस माहितीतच दोष शोधत राहिलो. ६४ बिटांत चिन्हाशिवाय मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीने ६४ एकक, त्यामुळे तिच्यात एक मिळवला की सगळे अंक शून्य होतात आणि शून्यातून एक काढला की सगळे एक होतात.

ही संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकणाऱ्यांना एक सूचना. तेथे पहिले १५ अंकच जपले जातात आणि १८४४६७४४०७३७०९५००००० असे दिसते. अवयवांचा अभ्यास करताना असे शेवटचे अंक गेले तर सगळेच गेले.

दशमान

नोंदवही यांनी द्विमान रूप दिलेच आहे, तर पूर्णांक यांची पहिली पायरी त्या रूपात विलक्षण स्पष्ट दिसते. आपल्या नेहमीच्या पद्धतीत ११११११११ = ११ × १०१ × १०००१ हे आठ एककांसाठी करून पाहा. द्विमानात अंक तेच राहतात, फक्त ११ चा अर्थ तीन, १०१ चा पाच आणि १०००१ चा सतरा होतो. ६४ एककांसाठी असे सहा अवयव पडतात. घातांक ६४ ऐवजी मूळ असता तर अशी घडी घालता आली नसती.

ताळा म्हणून अंकांची बेरीजही केली. ती ८७ येते, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. सातही मूळ अवयव एकेकदाच येतात, त्यामुळे एकूण विभाजक २^७ = १२८.

शब्दार्थी

गणितात माझी गती बेताची आहे, पण ही संख्या वाचायची कशी हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्या दशगुणोत्तर संज्ञा, भास्कराचार्यांच्या यादीप्रमाणे, परार्धापाशी म्हणजे १०^१७ पाशी संपतात. त्या लावल्यास वाचन असे होते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत आणि पंधरा. निखर्व आणि कोटी यांच्या जागी शून्ये आहेत. यादीतील शेवटची संज्ञा एकशे चौऱ्याऐंशी वेळा वापरावी लागते, हे वाचताना मला या संख्येचा आकार प्रथमच जाणवला.

खडूफळा

आकाराचा विषय निघालाच आहे तर ल्यूकाचा पुन्हा उल्लेख करतो. ज्याने १२८ ची सुधारणा केली त्यानेच १८८३ मध्ये हनोईच्या मनोऱ्याचे कोडे प्रसिद्ध केले. ६४ चकत्यांचा मनोरा हलवायला किमान २^६४ − १ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तरी सुमारे ५८४.५ अब्ज वर्षे. आपली संख्या त्याच्या दोन्ही कामांत आहे, एकीकडे अवयवांच्या रूपाने आणि दुसरीकडे चालींच्या.

वर्तुळ

भूमितीच्या बाजूने थोडे. २^३२ − १, म्हणजे पहिल्या पाच अवयवांचा गुणाकार ४२९४९६७२९५, इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. बाजूंची संख्या विषम असलेला, काढता येतो असे ठाऊक असलेला हा सर्वांत मोठा बहुभुज. गाऊसने १७९६ मध्ये १७ बाजूंपासून याची सुरुवात केली आणि अट आवश्यकच असल्याचे वांट्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. अट अशी की प्रत्येक विषम मूळ अवयव एकदाच आला पाहिजे आणि त्यातून एक वजा केल्यावर दोनाचा घातच उरला पाहिजे. २, ४, १६, २५६, ६५५३६ हे सगळे तसे आहेत. ६४१ मधून एक काढला की ६४० = २^७ × ५. तो एक ५ आडवा येतो, आणि २^६४ − १ बाजूंचा बहुभुज काढता येत नाही.

पास्कलच्या त्रिकोणात सम अंकांच्या जागी ० आणि विषम अंकांच्या जागी १ लिहून प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५ … असे येते. पहिली ओळ सोडून पुढच्या ३१ ओळींत हेच विषम बहुभुज ओळीने भेटतात, आणि ६४ व्या ओळीतील सर्व ६४ अंक विषम असल्याने तेथे आपलीच संख्या असते.

पूर्णांक

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण मिळाले. पहिला मात्र अजून तसाच आहे. पाच मूळ आणि सहावी फुटली, असे का?

त्रिज्या

आता तुमच्याकडे साहित्य आहे, त्यावरूनच पाहू. ल्यूकाचा नियम १७ पासून पुढे लागू होतो आणि दर पायरीला पट दुप्पट होते.

१७ चा विभाजक १६ च्या पटीपेक्षा एकने मोठा हवा आणि वर्गमूळ तर ४ पेक्षा किंचितच अधिक आहे. म्हणजे उमेदवारच नाही. २५७ साठी ३२ ची पट आणि वर्गमूळ १६ च्या जवळ, येथेही उमेदवार नाही. ६५५३७ साठी ६४ ची पट आणि मर्यादा २५६, म्हणजे ६५, १२९, १९३ हे तीनच, त्यांत मूळ फक्त १९३. तुमची ती संध्याकाळ एका भागाकारात आटोपली असती: १९३ × ३३९ = ६५४२७, बाकी ११०. झाले, ६५५३७ मूळ.

आणि पुढच्या संख्येला? १२८ ची पट, मर्यादा ६५५३६. उमेदवार एकदम ५११.

म्हणून मला पहिल्या पाचांच्या मूळ असण्यात काही गूढ दिसत नाही. त्यांना फुटायला जागाच नव्हती. सहाव्या संख्येपासून जागा मिळाली, आणि आजवर तपासलेल्या पुढच्या संख्यांपैकी एकही मूळ निघालेली नाही.

ओंकार_१७

याला जोडून एवढेच, की आपल्या संख्येत दोन मिळवले की पुढची फर्मा संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७ येते. तिचा विभाजक २७४१७७ हा १८८० मध्ये लांद्रीने प्रसिद्ध केला, आणि तो २५६ × १०७१ + १ आहे. नियम तेथेही पाळला जातो.

पूर्णांक

त्या एका भागाकाराने मला जितका आनंद झाला तितका ५४ भागाकारांनी झाला नव्हता. लगेच शेवटचे काम हाती घेतले: ६७००४१७ मूळ आहे का? तिचे वर्गमूळ २५८८ आणि २५८९ यांच्या मध्ये आहे, आणि तिचा कोणताही मूळ विभाजक ४२९४९६७२९७ चाही विभाजक असल्याने १२८ चाच नियम लागतो. उमेदवार वीस. त्यांतले मूळ फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चारांनी भागले: ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२.

म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. आता यादी लागत नाही.

रेघोटी

चारही भागाकार करून पाहिले. ११५३ ला पहिल्यांदा माझीच बाकी चुकली होती, दुसऱ्यांदा ३३४ आली. बाकी सर्व जुळते.